चाचेगिरीचे मूळ जमिनीवर : सोमालियाच्या अभ्यासाची प्रस्तावना

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वाचकांपुढे सोमाली चाचेगिरीचा विषय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचा आपल्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय आपल्याला समुद्र दिसत नाही. आपल्याकडे पाण्याची चर्चा होते ती नीरेच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनाची, उजनीच्या फुगवट्याची आणि विहिरीच्या तळाची. एडनचे आखात, पुंटलँड, हरारधेरे ही नावे वर्तमानपत्रात कधीतरी वाचली आणि विसरून गेलो, अशीच आपली त्यांच्याशी ओळख. तरीही हा विषय नीट समजून घ्यायला या दोन तालुक्यांतला वाचक विशेष लायक आहे असे मला मनापासून वाटते. ते का वाटते, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना आहे.

संबंध दाखवायला लांब जावे लागत नाही. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी ऊस लावला, साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. हेच वालचंद भारतीय मालकीच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून या नव्या कंपनीला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला. मालाला शेवटी काय मिळणार हे जहाजाच्या भाड्यावर किती अवलंबून असते, याचा धडा वालचंदांनी त्या लढाईत प्रत्यक्ष घेतला. पुढे वालचंदनगरच्या कारखान्यात नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्सही तयार झाले. तेव्हा समुद्र हा या मातीला परका विषय आहे असे निदान इंदापूरकरांनी तरी म्हणू नये.

दुसरा धागा साखरेचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे इथल्या मुलांना पाढ्यांइतकी पाठ असतात. भारतातून निर्यातीला परवानगी असते त्या हंगामात आपली साखर घेणाऱ्या देशांच्या यादीत सोमालिया आणि जिबूती ही नावे हटकून दिसतात. ज्या किनाऱ्याचे नाव आपण चाच्यांमुळे ऐकले, त्याच किनाऱ्यावरच्या घराघरांत चहात भारतीय साखर पडते. १ एप्रिल २०१७ रोजी चाच्यांनी पळवलेले ‘अल कौसर’ हे भारतीय गलबतही गहू-साखरेसारखा माल घेऊन दुबईहून सोमालियाकडेच चालले होते. त्यावर अकरा भारतीय खलाशी होते. ते पंधरा दिवसांच्या आत सुखरूप सुटले. सोमाली चाच्यांचा फटका सोमाली ग्राहकाला कसा बसतो, हे या एका घटनेतून दिसते.

तिसरा धागा द्राक्षाचा आणि डाळिंबाचा. इंदापूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावांनी द्राक्षात नाव कमावले आहे. ऑक्टोबरची छाटणी, जानेवारीपासून काढणी, मग पॅकहाऊस, प्रीकूलिंग, रिफर कंटेनर आणि न्हावाशेवा हा क्रम बागायतदारांना मी सांगायला नको. एरवी न्हावाशेव्याहून रॉटरडॅमकडे निघालेला कंटेनर अरबी समुद्र, एडनचे आखात, बाब-अल-मंदेब, तांबडा समुद्र आणि सुवेझ कालवा या वाटेने जातो. अंतर साडेसहा हजार सागरी मैलांच्या आतबाहेर. हीच वाट धोक्याची झाली आणि आफ्रिकेला वळसा घालायची वेळ आली, की अंतर दहा हजार मैलांच्या पुढे जाते. म्हणजे आपल्या बागेतला घड आणि एडनच्या आखातातली हालचाल यांच्यामध्ये एक अखंड दोरी आहे. ती कशी ताणली जाते हे पाहणे, हा या अभ्यासाचा एक भाग.

वाचकांनी या विषयाची सुरुवात नकाशापासून करावी. आफ्रिकेच्या पूर्वेला जे शिंग पुढे आलेले दिसते, ते सोमालिया. त्याचा किनारा तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांब आहे. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर एवढा किनारा दुसऱ्या कोणत्याही देशाला नाही. उत्तरेला एडनचे आखात, जिथून एका वर्षात वीस हजारांच्या आसपास जहाजे जात-येत. पूर्वेला मोकळा हिंदी महासागर. नकाशानंतर वारा समजून घ्यावा. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांकडे आपण जिरायती पट्ट्यातले लोक जूनमध्ये डोळे लावून बसतो, तेच वारे सोमालियाच्या किनाऱ्यावर समुद्र खवळवतात. चाच्यांच्या लहान होड्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत खोल पाण्यात टिकत नाहीत. हल्ले वाढतात ते पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे साधारण मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आपला द्राक्ष निर्यातीचा हंगाम आणि चाच्यांचा हंगाम काही अंशी एकमेकांवर येतात, ते या वाऱ्यांमुळे.

कारणांकडे वळताना मात्र घाई करू नये. एका वाक्यात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणते भूक, कोणी म्हणते परदेशी मासेमारी, कोणी म्हणते धर्मांधता. यातले शेवटचे तर पुराव्याला धरूनच नाही. २००६ साली इस्लामिक कोर्ट्स युनियन या इस्लामी न्यायालयांच्या संघटनेची सत्ता दक्षिण आणि मध्य सोमालियावर आली तेव्हा तिने किनाऱ्यावरच्या हरारधेरे गावातली चाचेगिरी दडपून टाकली होती. त्या वर्षअखेर इथिओपियाच्या सैन्याने ती सत्ता उलथवल्यावर चाचे परतले.

सुरुवात त्याहून मागे जाते. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांचे सरकार कोसळले आणि देशाला मध्यवर्ती सत्ता उरली नाही. नौदल संपले, तटरक्षक संपले. युरोप आणि आशियातली मोठमोठी ट्रॉलर सोमाली पाण्यात बिनदिक्कत शिरली. विषारी कचरा टाकल्याच्या तक्रारी आल्या. २००४च्या त्सुनामीने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या कचऱ्याच्या पिंपांची दखल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने घेतली. भिगवणच्या मासळी बाजारात उठबस असलेल्या वाचकाला या टप्प्यावर वेगळे काही समजवावे लागणार नाही. उजनीत बाहेरच्यांनी बारीक आसाची जाळी टाकून लहान मासळी उपसली की इथे किती संताप होतो, हे त्याने पाहिलेले आहे. फरक एवढाच की इथे तक्रार घेऊन जायला मत्स्यव्यवसाय खाते आहे, तहसीलदार आहेत, पोलीस आहेत. सोमाली किनाऱ्यावरच्या हॉब्यो आणि ऐल या गावांतल्या कोळ्याला दार ठोठवायला कोणी नव्हते.

पण मासेमारीच्या तक्रारीतून चाचेगिरीचे समर्थन निघते असे मी मानत नाही, आणि गंभीर अभ्यासकही मानत नाहीत. जून २००५ मध्ये ‘सेमलो’ हे जहाज पळवले गेले. त्यात जागतिक अन्न कार्यक्रमाचा, सोमालियातल्याच त्सुनामीग्रस्तांसाठी नेला जाणारा तांदूळ होता. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘सिरियस स्टार’ हे वीस लाख पिंपे तेल वाहून नेणारे सौदी टँकर केनियाच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल आत धरले गेले. त्या तेलाचा आणि ऐलच्या माशाचा काही संबंध नव्हता. स्टिग यार्ले हान्सेन या नॉर्वेच्या अभ्यासकाने सोमालियाच्या ईशान्येकडच्या पुंटलँड या प्रांतातली जी माहिती गोळा केली, तिच्यातून आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे येते. तटरक्षणासाठी खासगी कंपन्यांनी ज्या तरुणांना शस्त्र, होडी आणि दिशादर्शनाचे शिक्षण दिले, त्यांतले काही पुढे चाच्यांत सामील झाले. २००८ साली पुंटलँडची तिजोरी रिकामी झाली, सुरक्षा दलांचे पगार थकले आणि त्याच वर्षी हल्ले एकदम वाढले. गरिबी तर त्याआधीही होती. बदलला होता तो पहाऱ्यावरच्या माणसाचा पगार.

आता एक प्रत्यक्ष हल्ला जवळून पाहू, कारण त्याशिवाय हिशेब कळत नाही. एक मोठी होडी किंवा पळवलेले मासेमारी जहाज खोल समुद्रात तळ म्हणून उभे असते. त्यावरून दोन-तीन लहान वेगवान होड्या सुटतात. प्रत्येकीत पाच-सहा माणसे, एके-४७ बंदुका, एखादा रॉकेट लाँचर आणि आकडे लावलेली हलकी शिडी. संथ चालणारे, पाण्याला टेकलेले, माल भरलेले जहाज हेरायचे आणि मागच्या बाजूने भिडायचे. शिडी लागून माणसे वर चढेपर्यंत अर्धा तासही लागत नाही. सर्वांत आधी चढणाऱ्याला जादा बक्षीस ठरलेले असते. ताशी अठरा सागरी मैलांपेक्षा जास्त वेगाने जाणारे जहाज सहसा हाती लागत नाही, ही गोष्ट जहाजवाल्यांनी अनुभवाने शिकून घेतली. पुढे खर्चाच्या हिशेबात हाच वेग पुन्हा भेटेल.

जहाज धरले की खरा धंदा किनाऱ्यावर सुरू होतो. भांडवल घालणारा वेगळा, समुद्रात जाणारे वेगळे, नांगरलेल्या जहाजावर महिनोन्‌महिने पहारा देणारे वेगळे, मालकाशी बोलणी करणारा दुभाषा वेगळा. स्वयंपाकी असतो, बकऱ्या पुरवणारा असतो, खात नावाची उत्तेजक पाने दुप्पट-तिप्पट भावाने उधारीवर देणारा असतो. ही उधारी खंडणीतून वळती होते. ज्या गावाजवळ जहाज उभे, तिथल्या वजनदार मंडळींचा वाटा निघतो. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हे कार्यालय आणि इंटरपोल यांनी २०१३ मध्ये एकत्रितपणे काढलेल्या अंदाजानुसार खंडणीचा ३० ते ५० टक्के भाग भांडवल घालणाऱ्याकडे जाई आणि होडीत बसून जीव धोक्यात घालणाऱ्याला एका जहाजामागे ३० ते ७५ हजार डॉलर मिळत. त्यातून उधारी आणि दंड वजा. पैसा विमानातून पॅराशूटने जहाजाजवळ टाकला जाई. ‘सिरियस स्टार’ची खंडणी घेऊन जानेवारी २००९ मध्ये परतताना एक होडी उलटली आणि काही चाचे आपल्या वाट्यासकट बुडाले.

या विषयातले सर्वांत मोलाचे संशोधन इथून पुढे आहे, म्हणून वाचकांनी इथे थोडे सावकाश चालावे. जागतिक बँक आदींच्या त्याच अंदाजानुसार २००५ ते २०१२ या काळात १७९ जहाजे पळवली गेली आणि ३४ ते ४१ कोटी डॉलरच्या दरम्यान खंडणी गोळा झाली. रक्कम मोठी वाटते. पण तिच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. ‘ओशन्स बियाँड पायरसी’ या प्रकल्पाने एकट्या २०११ सालचा खर्च मांडला तो ६६० ते ६९० कोटी डॉलर. त्यात खंडणी होती फक्त १६ कोटींची. २७० कोटी गेले जहाजे जोरात चालवण्यासाठी जाळलेल्या जादा इंधनात. विम्यावर ६३ कोटींच्या पुढे, नौदलांच्या गस्तीवर सव्वाशे कोटी आणि सशस्त्र पहारेकरी, काटेरी तारा व इतर साधनांवर शंभर कोटींहून अधिक. जागतिक बँकेने वेगळ्या पद्धतीने हिशेब करून जागतिक व्यापाराचे वार्षिक नुकसान १,८०० कोटी डॉलर धरले. टिमोथी बेस्ली, थिमो फेत्सर आणि हानेस म्यूलर या अर्थतज्ज्ञांनी हजारो भाडेकरार तपासून दाखवले की २००८ नंतर या मार्गावरचे जहाजभाडे ८ ते १२ टक्क्यांनी वाढले. त्यांच्या हिशेबानुसार चाच्यांच्या हाती १२ कोटी डॉलर पडावेत म्हणून जगाचे ६३ कोटी डॉलर वाया जात होते. कर बसवून तेवढीच रक्कम कोणी सोमालियाला दिली असती तर ती कितीतरी स्वस्त पडली असती, हा त्यांच्या मांडणीचा अर्थ. चोरी झाली त्यापेक्षा चोरीच्या भीतीचा खर्च कैकपटींनी मोठा, ही या क्षेत्राने अर्थशास्त्राला दिलेली ठोस गोष्ट आहे.

हा खर्च कोणाच्या माथी पडला? आधी जहाज कंपन्यांच्या, मग अधिभार म्हणून माल पाठवणाऱ्याच्या आणि मागवणाऱ्याच्या. सेशेल्सच्या ट्यूना मासेमारीला आणि केनियाच्या किनारी पर्यटनाला झळ बसली. डिसेंबर २०१० मध्ये जहाज उद्योगाने धोक्याच्या क्षेत्राची सीमा पूर्वेला ७८ रेखांशापर्यंत सरकवली, म्हणजे ती जवळजवळ आपल्या पश्चिम किनाऱ्याला येऊन भिडली. मुंबई, गोवा, कोचीकडे येणाऱ्या जहाजांनाही जादा विमा लागू झाला. ती सीमा २०१५ अखेर मागे गेली आणि २०२३च्या आरंभी ते क्षेत्रच रद्द झाले. जहाजांवर सशस्त्र पहारेकरी ठेवण्याच्या त्या काळाने आपल्याकडे बळीही घेतले. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन निरपराध मच्छीमार मारले गेले.

आपल्या भागाचा हिशेब मांडताना मात्र वाचकांनी संयम बाळगावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक नुकसान चाच्यांच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो. २०१०च्या हंगामात युरोपात आपली द्राक्षे अडली आणि बागायतदार रडकुंडीला आले, ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे. त्याच सुमारास चाचेगिरी शिगेला होती, पण त्या दोन्हींचा संबंध नव्हता. द्राक्षांचे कंटेनर नेणारी जहाजे वेगवान आणि उंच कठड्याची असतात, ती चाच्यांच्या हाती क्वचितच लागत. चाच्यांमुळे आपल्याला बसला तो अधिभाराचा, विम्याचा आणि इंधनाचा चिमटा. २०२३च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हौथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा मात्र गोष्ट वेगळी झाली. कंटेनर जहाजे केप ऑफ गुड होपच्या वळशाने जाऊ लागली, प्रवास साधारण पंधरवड्याने लांबला, भाडे भडकले आणि नाशवंत माल पाठवणाऱ्याच्या जिवाला घोर लागला. हौथींचे हल्ले राजकीय होते, त्यांना चाचेगिरी म्हणणे शास्त्रशुद्ध नाही. पण नौदलांचे लक्ष तिकडे वळताच सोमाली टोळ्यांनी पुन्हा डोके वर काढले. १४ डिसेंबर २०२३ रोजी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले गेले आणि मार्च २०२४ मध्ये बांगलादेशचे ‘अब्दुल्ला’.

सुरुवातीला मी म्हटले की हा विषय समजायला आपला वाचक विशेष लायक आहे. त्याचे खरे कारण आता सांगतो. आन्या शॉर्टलँड या अर्थतज्ज्ञाने उपग्रहातून टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांची छायाचित्रे, मजुरीचे दर आणि गुरांचे भाव तपासले. खंडणीचा पैसा कुठे मुरला, हे तिला पाहायचे होते. दिवे वाढले ते गरोवे आणि बोसासो या पुंटलँडच्या शहरांत, गुरांचा बाजारही चढला. ज्या किनारी गावांसमोर जहाजे उभी होती, त्या गावांत फारसा फरक दिसला नाही. फेदेरिको वारेझे या अभ्यासकासोबत तिने पुढे दाखवले की पळवलेली जहाजे व्यापारी बंदराजवळ नांगरली जात नसत. व्यापारी रस्ता आणि बंदर यांतून ज्या पुढाऱ्यांना जकात मिळत होती, ते चाच्यांना थारा देत नसत, कारण चाचे आले की व्यापारी पळतो. ज्यांच्या गावाला रस्ताच नव्हता, त्यांना नांगरलेल्या जहाजाच्या वाट्याशिवाय दुसरे उत्पन्न नव्हते. म्हणून उपाय सुचतो तो रस्त्याचा, बंदराचा आणि बाजारपेठेचा.

हे वाचून इथल्या वाचकाच्या मनात काय उमटेल याची मला कल्पना आहे. नीरेचे पाणी पोचले तिथले गाव आणि कालव्याच्या वरच्या अंगाला कोरडे राहिलेले गाव, यांच्या राजकारणातला फरक त्याने घरात बसून पाहिलेला आहे. कारखाना, दूध संकलन केंद्र, बाजार समिती आणि डांबरी सडक आली की गावच्या पुढाऱ्याचे हित कशात गुंतते आणि कशातून सुटते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट समजायला नमुना आणि समीकरणे लागतात. आपल्याकडे ती पिढ्यांच्या अनुभवात आहे. या अनुभवाचा मला अभिमान वाटतो आणि या अभ्यासात त्याचा उपयोग व्हावा असेही वाटते.

समुद्रावरचा बंदोबस्त कमी महत्त्वाचा नव्हता. जून २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १८१६ संमत करून परदेशी नौदलांना सोमाली पाण्यात शिरण्याची मुभा दिली. भारतीय नौदल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून एडनच्या आखातात गस्त घालू लागले. युरोपीय संघ, नाटो, चीन, जपान सगळे आले. पहारेकरी असलेली जहाजे चाच्यांना घेता आली नाहीत. २०११ मध्ये सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले नोंदले गेले होते, २०१२ मध्ये ७५ आणि २०१३ मध्ये फक्त १५.

पकडलेल्या चाच्यांचे करायचे काय, हा प्रश्न मुंबईच्या न्यायालयात येऊन ठेपला. मराठी वाचकाने हा भाग अवश्य वाचावा. जानेवारी ते मार्च २०११ या तीन महिन्यांत आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने चार कारवायांत १२० चाचे पकडून मुंबईत आणले. तेव्हा भारतात चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. त्याआधीच्या ‘अलाँड्रा रेनबो’ या जपानी जहाजाच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने २००३ मध्ये दिलेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयात २००५ मध्ये टिकली नव्हती. भारतीय दंडविधान आणि शस्त्रास्त्र कायद्यासारख्या तरतुदींवर खटले चालवावे लागले आणि निकाल लागायला २०१७ उजाडले. या अटकेची किंमत भारतीय खलाशांनी मोजली. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजावरचे पंधरा भारतीय सप्टेंबर २०१० पासून ओलीस होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचल्यावरही चाच्यांनी त्यांतल्या सातजणांना अडकवून ठेवले, मुंबईत कैदेत असलेले आपले साथीदार सोडा म्हणून. ते सातजण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले. चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्या घरच्यांनी कसा काढला असेल, हे कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात बसत नाही आणि म्हणूनच अभ्यासकाने ते डोळ्यांआड होऊ देऊ नये.

आता आपल्याकडे २०२२चा चाचेगिरीविरोधी कायदा आहे. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ जहाजावरचे ३५ चाचे शरण आणले आणि १७ खलाशी सोडवले. भारताच्या किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटर दूर, विमानातून उतरवलेल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंच्या साथीने. त्या पस्तीस जणांना मुंबईत यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. समुद्राच्या सुरक्षेचा एवढा मोठा भार आपल्या नौदलाने निगुतीने पेलला, याचे कौतुक मोकळ्या मनाने करावे.

मराठी वाचकाला इथे कान्होजी आंग्रे आठवणे स्वाभाविक आहे. इंग्रजांनी त्यांनाही चाचे म्हटले, मग सोमाली टोळ्यांकडेही त्याच नजरेने का पाहू नये? ही तुलना पटकन सुचते, पण ती ताणू नये. कान्होजी स्वराज्याचे सरखेल होते. त्यांचे दस्तक घेतलेल्या जहाजाला संरक्षण मिळे आणि त्यामागे किल्ले, आरमार व राज्याचा आधार होता. हॉब्योच्या टोळीमागे राज्य नव्हते आणि तिने कोणाला संरक्षणही दिले नाही. तरीही संरक्षणासाठी पैसे मोजण्याची रीत या महासागरात किती जुनी आहे आणि विमा कंपनीपासून टोळीच्या म्होरक्यापर्यंत ती कोणकोणत्या रूपांत चालते, हे जतिन दुआ यांच्या ‘कॅप्चर्ड अ‍ॅट सी’ या २०१९च्या ग्रंथात फार चांगले उलगडले आहे. पश्चिम किनाऱ्याचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला तो ग्रंथ अधिक बोलेल.

वाचनाचा क्रम कसा ठेवावा, असे तुम्ही विचाराल. बहुतेक साधने इंग्रजीत आहेत, त्याने बुजून जाऊ नका. आधी नकाशा आणि वारे, मग १९९१ नंतरचा सोमालिया, मग पैशाचा माग, आणि कायदा शेवटी, असा माझा सल्ला आहे. चित्रपट पाहायचे असतील तर अभ्यासानंतर पाहा. त्यांत कप्तानाची गोष्ट असते, पण बकऱ्या पुरवणारा, उधारी लिहिणारा आणि पगार थकलेला शिपाई नसतो. आकड्यांबाबत सावध राहावे. खंडणीची पावती नसते, जहाजमालक रक्कम लपवतात, म्हणून चांगला अभ्यासक एक आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे लिहितो. त्याचा कंटाळा करू नये. आणि कोणी ‘चाचेगिरीचे अमुक एकच कारण’ असे सांगू लागला तर त्याला २००६ आणि २००८ या दोन वर्षांबद्दल विचारावे.

एक काम मात्र परदेशातला कोणताही अभ्यासक आपल्यासाठी करू शकणार नाही. २००८ ते २०१२ या काळात या दोन तालुक्यांतून साखर, द्राक्षे, डाळिंबे परदेशी गेली, त्यांच्या जहाजभाड्याची बिले, विम्याचे कागद आणि अधिभाराच्या नोंदी कुठल्या तरी निर्यातदाराच्या, पॅकहाऊसच्या किंवा कारखान्याच्या कपाटात असतील. गावातली मर्चंट नेव्हीत गेलेली मुले त्या वर्षांत एडनचे आखात ओलांडताना काय करत होती, हे त्यांच्या तोंडून ऐकता येईल. बारामतीच्या आणि इंदापूरच्या महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे कागद आणि या आठवणी गोळा कराव्यात, आणि ज्यांच्या कपाटात त्या फायली आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी एकदा त्यांना दाखवाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.